गोचीड ताप उतरतो आणि पुन्हा चढतो: नेमकं कुठे राहून जातं?

औषध सुरू केलं की दोन दिवसांत ताप उतरतो. कुत्रं ताटलीकडे बघायला लागतं, दारात कुणी आलं की उठून उभं राहतं, घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. महिना-दीड महिना बरा जातो आणि पुन्हा तेच. खाणं बंद, कोपऱ्यात अंग मुडपून पडून राहणं, जिना चढताना मध्येच बसणं. पुन्हा दवाखाना, पुन्हा सलाईन, पुन्हा त्याच गोळ्या.

आमच्या भैरूला हे ११ महिन्यांत तीन वेळा झालं. वाईत आमचं जुनं घर आहे. दगडी जोतं, वर मातीच्या भिंती, मागे परडं. भैरू गावठी, ५ वर्षांचा. तिसऱ्या वेळी त्याच्या प्लेटलेट २२ हजारांवर आल्या आणि पोटाच्या कातडीवर लाल टिपके उठले. त्या रात्री आम्ही ‘ताप परत आला’ म्हणणं सोडलं. तो मुळात गेलाच का नाही, हे शोधायला बसलो. त्या शोधात जे हाती लागलं ते इथे लिहितोय, कारण याच फेऱ्यात अडकलेली कितीतरी घरं मला रोज भेटतात.

शोधायचा क्रम असा ठेवा: औषध पोटात गेलं का, पुरेसं गेलं का, ज्या जंतूसाठी दिलं तोच जंतू होता का, आणि नवा जंतू देणारी गोचीड घरात बसलेली आहे का. आमच्याकडे या चारही ठिकाणी गळती होती. आणि पहिल्या गळतीचं कारण औषधात नव्हतं, भैरूला हात लावून घ्यायची सवय नव्हती, त्यात होतं.

आधी हे बघा, बाकीचं नंतर वाचा

हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील, नाकातून रक्त येत असेल, शी डांबरासारखी काळी होत असेल, लघवी गडद चहासारखी किंवा लालसर असेल, डोळा अचानक धुरकट झाला असेल किंवा कुत्रं उभंच राहत नसेल, तर लगेच दवाखाना गाठा. सकाळ उजाडायची वाट बघू नका. जवळ सोय नसेल तर पशुवैद्यक महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालयं असतात. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे अशी महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी चौकशी करून घ्या.

नाकाला हात लावून ताप कळत नाही. निरोगी कुत्र्याचं नाकही उन्हात कोरडं आणि गरम लागतं. साधा डिजिटल थर्मामीटर त्याच्यासाठी वेगळा ठेवा, टोकाला व्हॅसलीन लावा आणि शेपटीखाली गुदद्वारात हलकेच सरकवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. आपल्याला ताप वाटेल असा आकडा त्याच्यासाठी नेहमीचा असतो. १०३ च्या वर गेला की ताप समजा.

आणि घरातली माणसाची तापाची किंवा अंगदुखीची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात. प्लेटलेट आधीच कमी असताना हे जिवावर बेततं. पॅरासिटामॉलही डॉक्टरांनी मोजून सांगितल्याशिवाय नाही.

पहिला प्रश्न: गोळी पोटात गेली का?

आमच्याकडे गोळी द्यायचं काम आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. पहिल्या तापाच्या वेळी ते रोज सकाळी गोळी कुटून दह्यात कालवायचे. भैरूला दही आवडतं, वाटी चाटून पुसून ठेवायचा, सगळे खूश. तिसऱ्या वेळी नव्या डॉक्टरांनी विचारलं, “आप्पा, पहिल्या तापात गोळी कशातून दिलीत?” आप्पा म्हणाले, “दह्यातून. एक कण राहू दिला नाही.” डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवून समजावलं, की या आजारावरची मुख्य गोळी डॉक्सिसायक्लिन आणि दूध-दह्यातलं कॅल्शियम एकमेकांना धरून ठेवतात, मग औषध रक्तात कमी उतरतं. आप्पा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत.

फक्त दहीच नव्हे. रक्त वाढावं म्हणून लोहाचं टॉनिक लिहून दिलेलं असतं, ॲसिडिटीसाठी एखादं पातळ औषध असतं, पोटातल्या जखमेसाठी सुक्राल्फेट असतं. आपण काय करतो, सगळं एकदमच उरकतो, कारण कुत्रं एकदाच धरायला मिळतं. पण लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम हे सगळे डॉक्सिसायक्लिनला असेच अडवतात. मध्ये निदान दोन-तीन तासांचं अंतर हवं. कोणती गोळी आधी, कोणती नंतर, हे डॉक्टरांकडून कागदावर वेळेसकट लिहून घ्या. आमच्या फ्रिजवर तो कागद अजून आहे.

दुसरं, ही गोळी रिकाम्या पोटी दिली तर मळमळतं, उलटी होते. कोरडी घशात ढकलली तर अन्ननलिकेत चिकटून आतून भाजते, मग कुत्रं गिळायलाच घाबरतं. थोडं खाणं आधी, मग गोळी, मग पुन्हा दोन घास किंवा पाणी. गोळीनंतर लगेच उलटी झाली तर स्वतःच्या मनाने दुसरी गोळी देऊ नका, फोन करून विचारा.

दुसऱ्या तापाच्या वेळी आप्पांनी दही सोडलं होतं, कारण भैरूने कडू दही ओळखून वाटीकडे पाठ फिरवली होती. मग जबडा उघडून गोळी जिभेच्या मागे टाकायची पद्धत सुरू झाली. तो घोट घ्यायचा, ओठ चाटायचा, आम्ही सोडायचो. दिवाळीची साफसफाई करताना बायकोने कणगी पुढे ओढली. मागे भिंतीच्या कडेला सात गोळ्या. फिकट पिवळ्या, कडा लाळेने विरघळून पुन्हा सुकलेल्या, दोनांना मुंग्या लागलेल्या. तो प्रत्येक वेळी तोंड मिटून कणगीपर्यंत चालत जायचा आणि तिथे टाकून द्यायचा. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याने काहीच चूक केली नव्हती. त्याचा जबडा दोन माणसं जबरदस्तीने उघडत होती, त्यात कडू काहीतरी येत होतं.

गोळी घ्यायला शिकवणं

गोळी जेवणाच्या ताटलीत कधीच लपवू नका. आजारी कुत्र्याला भूक आधीच नसते. भातात एकदा कडू कण लागला की तो भातावरच विश्वास ठेवत नाही, मग औषधही जातं आणि जेवणही जातं.

आम्ही काय केलं ते सांगतो. गोळीची गरज नव्हती, तेव्हाच सुरुवात केली. उकडलेल्या रताळ्याचे बोराएवढे गोळे, नुसते. एक दिला, तो चघळत असताना दुसरा नाकासमोर धरला, तो घेताना तिसरा दाखवला. चार दिवसांत तो पहिला गोळा न चावता गिळायला लागला, कारण दुसरा दिसत होता. सगळी गोम इथे आहे. पुढचा घास समोर असला की कुत्रं मागच्या घासाची चौकशी करत नाही. मग मधल्या गोळ्यात औषध. पहिला साधा, दुसरा औषधाचा, तिसरा साधा, पाठोपाठ. औषध भरलेला हात साध्या गोळ्यांना लावायचा नाही, वासाने कळतं. रताळ्याऐवजी उकडलेला बटाटा, चिकनचा तुकडा, भाकरीचा मऊ गोळा चालतो. पेढा, पनीर, चीज डॉक्सिसायक्लिनबरोबर नको. मनुका-बेदाणे तर कधीच नको, ते कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात.

रोज दोन वेळा नुसते गोळे आणि कधीतरी एखाद्यात गोळी, हे प्रमाण ठेवलं तर वर्षभर सवय टिकते. भैरू आता रताळ्याचं पातेलं उतरलं की स्वतः येऊन बसतो.

हात लावू देणं, हेही शिकवायचं असतं

आजार वेळेत सापडायचा तर रोज कान, बोटांच्या बेचक्या, काख, जांघ, शेपटीखाली, पापण्यांच्या कडा, गळपट्ट्याखाली बघावं लागतं. रक्त काढताना पाय स्थिर हवा. थर्मामीटर लावू द्यायला हवा. हे सगळं आपण आजारी पडल्यावर पहिल्यांदा करायला जातो, चौघं मिळून दाबून धरतो, आणि कुत्र्याला पक्कं कळतं की माणसांचे हात जवळ आले की दुखतं.

भैरूला आम्ही हनुवटी ठेवायला शिकवलं. खाटेवर घडी केलेला टॉवेल ठेवला. त्याने टॉवेलवर हनुवटी टेकली की “शाब्बास” आणि खाऊ. हनुवटी टेकलेली राहील तेवढा वेळ आम्ही काहीतरी करायचं, त्याने उचलली की त्याच क्षणी हात मागे घ्यायचे. दुसरा नियम नाही. पहिल्या आठवड्यात कानाला नुसतं बोट लागलं की तो डोकं उचलायचा, आणि आम्ही थांबायचो. घरच्यांना वाटलं, याला तर आपण डोक्यावर चढवतोय. झालं उलटं. आपण नको म्हटलं की हे थांबतात, एवढी खात्री पटल्यावर तो जास्त वेळ थांबायला लागला. तिसऱ्या आठवड्यात माझ्या मुलीने त्याच्या चारही पंजांच्या बेचक्या एका बैठकीत पाहिल्या. हनुवटी टॉवेलवर, एक डोळा तिच्यावर, शेपटीचं टोक हळू हलत होतं.

बैठक दोन मिनिटांची ठेवा. स्पर्श आधी, खाऊ नंतर, हा क्रम उलटा करू नका, नाहीतर खाऊ दिसला की कुत्रं संशयाने मागे सरकतं. थर्मामीटरसाठी आधी शेपटी नुसती उचलणं, मग टोक कातडीला टेकवणं, मग आत, प्रत्येकात काही दिवस. सुईसाठी पुढचा पाय हातात धरून त्यावर बोटाने टिचकी, मग पेनचं टोपण टेकवणं. आणि मुसकं. जाळीचं, तोंड उघडून धापा टाकता येतील असं मुसकं आणा, आत रताळं लावा, त्याने स्वतः तोंड घालू द्या, पट्टा आठवड्यानंतर बांधा. मुसकं म्हणजे शिक्षा नाही. दुखणारं कुत्रं कितीही गुणी असलं तरी चावू शकतं, आणि मुसक्याची सवय असलेल्या कुत्र्याची तपासणी डॉक्टर निवांत करतात.

कुत्रं आत्ता खूप आजारी असेल तर मात्र नवं काही शिकवायला बसू नका. रक्त कमी असलेलं कुत्रं झटापटीत दमतं, श्वास लागतो. अशा वेळी डॉक्टरांना इंजेक्शनचा पर्याय विचारा, शिकवणं बरं झाल्यावर.

दुसरा प्रश्न: पुरेसं गेलं का?

पहिल्या वेळी दवाखान्यात वजनकाटा बंद होता. “किती असेल?” विचारल्यावर मीच अंदाजाने १२ किलो सांगितलं. रोज १०० मिलिग्रॅमची एक गोळी लिहून दिली. पुढे मार्केट यार्डात धान्याच्या काट्यावर त्याला उभं केलं तर १९ किलो. डॉक्सिसायक्लिनची रूढ मात्रा किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम आहे, एकदम किंवा दोन वेळा विभागून, म्हणजे त्याला जवळजवळ दुप्पट हवी होती. मात्रा डॉक्टरच ठरवतील, पण वजन खरं सांगणं आपलं काम. घरच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा.

आणि दिवस. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकिया कॅनिस या जिवाणूसाठी गोळ्या साधारण २८ दिवस चालतात. तापाला उतार एक-दोन दिवसांत पडतो, आणि घात इथेच होतो. आठव्या-दहाव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं की घरात कुणीतरी म्हणतंच, आता कशाला गरम औषधं. हा जिवाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत राहतो. अर्धवट सोडला तर कुत्रं बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आत तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकून राहतो. पुढे काही कुत्र्यांत तो अस्थिमज्जेपर्यंत पोचतो, जिथे रक्तपेशी तयार होतात. त्या टप्प्यावर रक्त तयार होणंच थांबत जातं आणि मग उपचार फार कठीण. जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त गंभीर रूप घेतं, तेव्हा ज्यांच्याकडे शेफर्ड आहे त्यांनी एकही दिवस चुकवू नका.

तिसरा प्रश्न: जंतू तोच होता का?

‘गोचीड ताप’ हे एका आजाराचं नाव नाही. एर्लिकिया जिवाणू आहे. बॅबेसिया हा तांबड्या पेशी फोडणारा परजीवी, त्यात हिरड्या पांढऱ्या पडतात, कावीळ होते, लघवी गडद होते. हेपॅटोझून हा आणखी एक परजीवी, तो तर गोचीड चावल्याने होत नाही, कुत्र्याने गोचीड चावून गिळली की होतो. एकाच कुत्र्यात दोन जंतू एकत्र असणं नवलाचं नाही, आणि डॉक्सिसायक्लिन एकटं बॅबेसियाला पुरत नाही.

भैरूच्या तिसऱ्या तापात काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तेव्हा तांबड्या पेशींच्या आत बारीक ठिपके दिसले. डॉक्टरांनी विचारलं, “याला दुसरं कुत्रं चावलं होतं का?” चावलं होतं. शिमग्याच्या सुमाराला भांडणात कान फाटला होता. बॅबेसिया गिब्सोनी नावाचा बारीक प्रकार गोचिडीखेरीज कुत्र्यांच्या भांडणातूनही पसरतो, आईकडून पिल्लांना जातो, आणि औषधांनंतरही उलटतो. मोठ्या बॅबेसियावरचं नेहमीचं इंजेक्शन त्याच्यावर नीट चालत नाही, त्याला वेगळी औषधं एकत्र द्यावी लागतात. तेव्हा दुसऱ्यांदा ताप आला की आधीच्याच गोळ्या दुकानातून आणू नका. स्मीअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, तपासायला सांगा, शक्य असेल तर पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, करा.

अहवाल वाचताना दोन ठिकाणी लोक घाबरतात. पट्टीवरची झटपट चाचणी बहुधा अँटिबॉडी बघते, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं. जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने, कधी वर्षभराहून जास्त काळ पॉझिटिव्ह राहू शकते. कुत्रं खात-पीत असेल, रक्त सुधारत असेल तर नुसत्या त्या रेघेसाठी पुन्हा महिनाभर गोळ्या देण्यात अर्थ नाही. दुसरं, प्लेटलेट. साधारण २ ते ५ लाख हव्यात. पण नळीत त्या एकमेकींना चिकटल्या तर यंत्र त्यांना मोजत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. काचेवर एकदा डोळ्याने बघितलं की उलगडतं. मात्र लाल टिपके, नाकातून रक्त अशी लक्षणं असतील तर आकडा खरा मानूनच चाला. साधारण ३०-४० हजारांच्या खाली रक्त आपोआप फुटायचा धोका वाढतो.

त्या दिवसांत हाडं चघळायला नकोत, कुस्ती नको, खाटेवरून उड्या नकोत, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, सुई टोचलेली जागा पाच मिनिटं दाबून धरायची. पपईच्या पानांचा रस सगळे सुचवतात. आम्हीही दिला. त्याने जंतू मरत नाही, एवढं लक्षात ठेवा आणि त्याच्या भरवशावर गोळी मागे ठेवू नका.

काहींना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड काही दिवस देतात. त्याने तहान, भूक, लघवी तिन्ही वाढतात. चार वर्षं घरात न मुतलेला भैरू ओसरीवर मुतला आणि स्वतःच कान पाडून उभा राहिला. त्याला रागावू नका. पाणीही कमी करू नका. रात्री एक फेरी वाढवा, बस. आणि ही गोळी मनाने एकदम बंद करू नका, ती टप्प्याटप्प्याने उतरवतात.

जेवणाबद्दल एकच कळकळीने सांगतो. रक्त वाढावं म्हणून घरोघरी मटणाचा रस्सा, पायाचं सूप देतात. त्यात कांदा-लसूण असतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणजे जे रक्त वाढवायचं तेच आपण कमी करतो. नुसत्या पाण्यात शिजवलेलं मांस, कलेजीचा लहान तुकडा, अंडं, भात. कोमट करून द्या, वास उठतो.

चौथा प्रश्न: घरात कोण बसलंय?

आमच्या डोळ्यांना दिसायची ती फक्त कानातली टम्म फुगलेली गोचीड, राखाडी, एरंडाच्या बीसारखी. ती काढली की काम झालं असं वाटायचं. एका संध्याकाळी देवघराजवळच्या जुन्या फोटोची चौकट उतरवली तर मागे भिंतीच्या भेगेत सुकत चाललेली एक मादी आणि तिच्यापुढे तपकिरी खसखशीसारखा ढीग. अंडी. एक मादी काही हजार अंडी घालते. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड तीन वेळा रक्त पिते: पिल्लू असताना, मधल्या वयात, मोठी झाल्यावर. प्रत्येक वेळी पोट भरलं की खाली उतरते आणि भेगेत जाऊन कात टाकते. ती भिंतीवर वर चढते, म्हणून चौकटी, कौलांखालची वाशांची सांध, कणगीमागची जागा. मोठी गोचीड काही खाल्ल्याविना कित्येक महिने जगते. म्हणजे कुत्र्यावर पाच दिसल्या तर बाकीचं बिऱ्हाड भिंतीत आहे.

म्हणून कुत्रं आणि घर, दोन्हीकडे एकाच वेळी काम करावं लागतं. आम्ही भेगा भरून घेतल्या, किलतानं जाळून टाकली, गोधडी उकळत्या पाण्यात धुतली, आणि फवारणीवाल्याला बोलावून घर, परडं, भिंतीच्या वरच्या कडा फवारून घेतल्या. भैरूला पूर्ण सुकेपर्यंत शेजारी ठेवलं. अंडी फवाऱ्याला सहज दाद देत नाहीत, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा. घरात मांजर असेल तर फवारणीवाल्याला आणि डॉक्टरांना आधी सांगा, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला विष आहे. माशांची टाकी असेल तर ती हलवा.

कुत्र्यासाठी चघळायच्या गोळ्या आहेत, महिन्याच्या आणि तीन महिन्यांच्या. मानेवर टाकायचे थेंब आहेत, गळ्यातले पट्टे आहेत. चघळायच्या गोळीने गोचीड चावल्यावर मरते. एर्लिकिया मात्र चिकटल्यावर काही तासांतच आत जाऊ शकतो. ज्याला वारंवार ताप येतो त्याच्यासाठी चावूच न देणाऱ्या पट्ट्याची जोड हवी का, हे डॉक्टरांना विचारा. फिट येणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत या गोळ्यांविषयी आधी स्पष्ट बोलून घ्या. थेंब टाकल्यावर आणि आधी दोन दिवस अंघोळ नको. सर्वांत महत्त्वाचं, तारीख चुकवू नका, थंडी पडली म्हणून थांबू नका. आपल्याकडे गोचीड बारा महिने असते.

गाई-म्हशींचं गोचिडाचं औषध कुत्र्याच्या अंगावर ओतणं, रॉकेल लावणं, काडी पेटवून चटका देणं, हे सगळं आजूबाजूला चालतं आणि त्याने कुत्री भाजतात, विषबाधा होते. गोचीड काढायची तर चिमटा कातडीलगत लावून सरळ वर ओढा, पिळू नका, बोटांनी चिरडू नका. साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका, हात धुवा. कुत्र्याचा हा ताप त्याच्याकडून थेट माणसाला लागत नाही, पण उघड्या हाताने गोचीड फोडू नये.

शेजारच्यांशी बोलावं लागलं. आमच्या गल्लीत पाच मोकळी कुत्री आहेत. शेजारच्या दोघींनी खाऊ घालायची आणि आम्ही दोन घरांनी औषधाचा खर्च उचलायचा असं ठरलं. पाचांपैकी तिघं जवळ येऊ देतात, त्यांना गोळी रताळ्यातूनच जाते.

सध्या भैरूला तिसऱ्या तापानंतर नववा महिना चालू आहे. औषध संपल्यावर लगेच, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी रक्त तपासलं. शेवटच्या वेळी प्लेटलेट २ लाख ४० हजार आणि स्मीअर साफ. पुढची तपासणी पोळ्यानंतर आहे. रोज संध्याकाळी दिवा लागला की टॉवेल खाटेवर येतो. कालच उजव्या मागच्या पंजाच्या बेचकीत एक सापडली, तिळाएवढी, अजून फुगलेली नव्हती. मुलीने चिमटा मागितला, आप्पांनी रताळं धरलं, आणि मी फ्रिजवरच्या कागदावर तारीख टाकली. पुढचे तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावायचा आहे.